डॅशबोर्डवरचा फोन उन्हाळ्यात जिवंत ठेवायचा कसा: विदर्भात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका लग्नाला अमरावतीहून नेरमार्गे दारव्ह्याकडच्या एका खेड्यात गेलो होतो. गाव नवं, रस्ता नवा, म्हणून फोन काचेवरच्या स्टँडला लावलेला आणि चार्जरची वायर खोचलेली. पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. ‘अक्षता टाकून पाच मिनिटांत येतो’ म्हणत फोन तसाच सोडून पळालो. अक्षता झाल्या, मग आहेर, मग पंगत, मग ‘एक पुरी तर घ्याच’ म्हणणारे व्याही. दीड तासाने परत आलो तर काचेवरची रबरी वाटी सुटून अख्खं स्टँड डॅशबोर्डवर उताणं पडलेलं आणि फोन त्याच्यासकट काचेच्या बेचक्यात अडकलेला. उचलला आणि हातातून टाकलाच. पोळी उलटताना तव्याचा चटका बसावा तसा बसला.

स्क्रीनवर ‘फोन थंड होऊ द्या’ एवढीच सूचना. नकाशा नाही, कोणाचा नंबर नाही. नेरपर्यंत पानटपऱ्यांवर विचारत आलो. पंधरा दिवसांनी फोनची पाठ किंचित फुगल्यासारखी वाटली. दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने ती दाबून पाहिली नाही, फोन नुसता काउंटरवर ठेवून बोटाने ढकलला. भोवऱ्यासारखा गरगर फिरला. ‘काऊन जी भाऊ, तव्यावर ठेवला होता का?’

या फोनच्या बदल्यात जे शिकलो ते खाली लिहितो आहे. ज्यांनी पहिली गाडी घेतली आहे त्यांच्यासाठी, आणि पुण्या-मुंबईहून बदली होऊन इकडे आलेल्यांसाठी तर खासच. इकडचा उन्हाळा तिकडच्या अंदाजाने काढता येत नाही. फोनऐवजी वेगळं नेव्हिगेशनचं यंत्र वापरत असाल तरी बहुतेक सगळं लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो.

आधी आकडे बघा

आयफोनसाठी अ‍ॅपलने सांगितलेली मर्यादा अशी: वापरताना भोवतालची हवा ० ते ३५ अंश सेल्सिअस, नुसता बंद ठेवायचा असेल तर उणे २० ते ४५. अँड्रॉइड फोनही साधारण याच पट्ट्यातले. गार्मिनची गाडीत लावायची यंत्रं थोडी दणकट, ५५ अंशांपर्यंत चालतात. पण त्यांच्याही माहितीपुस्तिकेत चार्जिंगची मर्यादा ४५ अंशच आहे. म्हणजे अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी फोन घराबाहेर काढला की कंपनीच्या हिशोबाने तो मर्यादेबाहेर गेलाच.

आणि पेपरात येणारे ४५ अंश हे सावलीतले असतात. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, वारा खेळेल असा ठेवलेला असतो. तुमचा फोन काचेमागे, उन्हात असतो. (उष्णतेने यंत्रं कशी चक्रावतात याचा नमुना नागपूरने मे २०२४ मध्ये पाहिला. एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता.)

बंद गाडीत काय होतं याचं मोजमाप अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलं. तिथलं टेंपी शहर आपल्या विदर्भासारखंच कोरडं आणि तापट. बाहेर ३८ अंशांच्या वर असताना एक तास उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीत उभ्या असलेल्या तशाच गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ वर थांबला. नुसत्या सावलीने २१ अंश वाचले, तेही फुकट. त्याच मोजमापात उन्हातल्या गाडीची सीट ५१ अंशांवर होती. एकाच गाडीत वर ६९ आणि खाली ५१. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

दुसरा अभ्यास स्टॅनफर्डचा, २००५ सालचा. बंद गाडी तासाभरात जितकी तापते त्यातलं सुमारे ८० टक्के तापणं पहिल्या अर्ध्या तासातच होतं, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य म्हणूनच महागात पडतं. काच थोडी खाली ठेवली की भागतं हा आपल्याकडचा लाडका समजही सोडून द्या.

कारण साधं आहे. काचेतून प्रकाश आत येतो, काळा डॅशबोर्ड तो पितो आणि तापतो. तापलेला डॅशबोर्ड जी उष्णता बाहेर टाकतो ती मात्र काचेतून आरपार जात नाही, आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. फोन नेमका या दोघांच्या मध्ये, काचेच्या आणि डॅशबोर्डच्या सापटीत लावलेला असतो.

शिवाय फोन स्वतःही उष्णता तयार करत असतो. नकाशा चालू म्हणजे स्क्रीन पूर्ण उजळलेली, उपग्रहांचे सिग्नल पकडणं, मोबाइल डेटा, दर सेकंदाला चित्र बदलणं, वर चार्जिंग. बाहेरून ऊन आणि आतून हे सगळं. लोक बाजारात जाऊन छोटा पंखा लावलेलं स्टँड विकत आणतात आणि ही बाजू विसरतात. ४४ अंशांची हवा फोनवर फिरवून काय साधणार?

पायरी १: स्टँड काचेवरून काढा

एवढं एकच केलंत आणि बाकीचा लेख वाचला नाहीत तरी अर्धं काम झालं. काचेवर किंवा डॅशबोर्डच्या माथ्यावर फोन लावू नका. एसीच्या जाळीवर अडकवायचं स्टँड घ्या. फोनच्या पाठीला थंड हवा लागते, ऊन कमी लागतं आणि नजर समोरच्या रस्त्यापासून फार खाली जात नाही.

जाळ्यांपैकी मधली, तुमच्या बाजूची निवडा. अगदी उजवीकडच्या, दाराजवळच्या जाळीवर बाजूच्या काचेतून थेट ऊन येतं. नुसतं चिमट्यासारखं पकडणारं स्टँड मोठ्या फोनच्या वजनाने लोंबायला लागतं आणि जाळीची प्लास्टिकची पट्टी तुटते. मागे हूक असलेलं आणि स्क्रू फिरवून घट्ट करायचं स्टँड बरं. काही गाड्यांत जाळ्या गोल असतात, त्यात आडव्या पट्टीचं स्टँड नीट बसत नाही. दुकानात गाडी घेऊन जा, लावून बघा, खड्ड्यातून एक चक्कर मारा आणि मगच पैसे द्या.

पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी लक्षात घ्यावं, अशा वेळी ती जाळी फोनवर लू फेकत असते. एसी लावायचा नसेल तर त्या एका जाळीची झडप बंद करा.

काही कारणाने स्टँड काचेवरच ठेवावं लागत असेल, उदाहरणार्थ जाळी फार खाली आहे, तर एक युक्ती आहे. एसी चालू ठेवून हवेचा रोख समोरच्या काचेकडे करा, पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला करतो तसा. थंड हवा काचेच्या पायथ्यापासून वर जाते आणि वाटेत फोनला लागते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे बिनधोक चालतं. कोकणात किंवा गोव्यात दमट हवेमुळे काच बाहेरून धुरकटते, तिथे जपून.

फोन तापतो म्हणून मांडीवर घेऊन बसणं हा उपाय नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरायला मुभा आहे. मांडीवरच्या फोनकडे बघताना लक्ष कुठे असतं ते आपल्याला माहीत आहे.

चिकट गादीवाल्या स्टँडबद्दल थोडक्यात: मे महिन्यात गोंद वितळतो आणि डॅशबोर्डवर काळा चिकटा राहतो. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्याने पुसा, मग साबणाच्या पाण्याचा हात फिरवा.

पायरी २: निघण्याआधी फोनचं ओझं उतरवा

घरच्या वायफायवर, शक्यतो आदल्या रात्री, गूगल मॅप्समध्ये जायच्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय दिसतो. चौकट ओढून अमरावती ते यवतमाळ एवढा पट्टा निवडा आणि डाउनलोड करा. मेळघाटात शिरताना किंवा गडचिरोलीकडे जाताना याचा दुहेरी फायदा आहे. जिथे रेंज नसते तिथे फोन टॉवर शोधण्यात सगळी ताकद घालवतो आणि तापतो. नकाशा आधीच उतरवला असेल तर अशा पट्ट्यात फोन एअरप्लेन मोडवर टाकता येतो. पुढे कुठे गर्दी आहे ते मग कळत नाही, पण धारणीच्या रस्त्यावर गर्दी ती कसली?

फोनचं कव्हर काढा. जाड रबरी कव्हर आणि पाकिटासारखं चामडी कव्हर म्हणजे फोनला मे महिन्यात घातलेली गोधडी. एसीची हवा पाठीला लागावी म्हणून स्टँड जाळीवर आणलं आणि मधे तीन मिलिमीटर रबर ठेवलं, तर काय उपयोग?

स्क्रीनचा उजेड आपोआप वाढण्याची सोय बंद करून हाताने बेताचा ठेवा. ऊन पडलं की फोन स्वतःहून उजेड कमालीच्या वर नेतो आणि सगळ्यात जास्त तापतो तो तेव्हाच. फोनची स्क्रीन ओएलईडी असेल तर नकाशाची काळी रंगसंगती लावा, त्यात काळे ठिपके खरोखर विझलेले असतात. जुन्या एलसीडी स्क्रीनला याचा उपयोग नाही, तिथे मागचा दिवा सतत पेटलेलाच असतो.

गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर हे बरंचसं विसरा. नकाशा गाडीच्या स्क्रीनवर येतो, फोन स्क्रीन विझवून मधल्या खणात पडून राहतो. फक्त तो खण बंद करून फोन कोंडू नका.

सूचनांचा आवाज मात्र नेहमी चालू ठेवा, मराठीत हवा तर मराठीत. स्क्रीन विझली तरी ‘पाचशे मीटरवर डावीकडे वळा’ ऐकू आलं पाहिजे. मी अजूनही निघण्याआधी वाटेतली गावं एका चिठ्ठीवर लिहून सन व्हायझरला खोचतो. बायको हसते. दारव्ह्याच्या वाटेवर हसली नव्हती.

पायरी ३: चार्जिंग

लिथियम बॅटरीला उष्णता आणि भरलेलं पोट एकत्र सोसत नाही. गरम असताना ती चार्ज केली की आतल्या द्रवाचं विघटन होतं, वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. म्हणूनच वर लिहिलेली ४५ अंशांची रेघ. फोन शहाणे झाले आहेत, तापले की स्वतःच चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात. पण त्यांना त्या टोकाला न्यायचंच कशाला?

घरून निघताना फोन ऐंशी-नव्वद टक्के असू द्या आणि गाडीत वायर लावूच नका. अमरावती-नागपूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, एवढ्या प्रवासात बरा फोन नकाशासकट सहज टिकतो. लांबच्या प्रवासात तीस-चाळीस टक्क्यांवर आला की, गाडी पुरती थंड झालेली असताना लावा आणि सत्तर-ऐंशीवर काढा.

जलद चार्जर घरी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर असलेला साधा यूएसबी पोर्ट हळू चार्ज करतो म्हणून लोक नावं ठेवतात. उन्हाळ्यात तोच हवा. वायरशिवाय चार्ज करणारी चुंबकी स्टँडं दिसायला देखणी, पण त्या पद्धतीत बरीच वीज वाटेतच उष्णता होऊन वाया जाते आणि ती फोनच्या पाठीतच मुरते. मार्च ते जून ती खणात ठेवा. आणि पॉवर बँक गाडीत सोडू नका, डॅशबोर्डवर तर नाहीच नाही. ती म्हणजे नुसती बॅटरी, आणि तिला फोनसारखी ‘थंड होऊ द्या’ म्हणायला स्क्रीनसुद्धा नसते.

एक तपासणी आजच करा. गाडी बंद करून किल्ली काढा आणि लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरचा दिवा बघा. काही गाड्यांत तो विझतो, काहींत पेटलेलाच राहतो. पेटलेला राहत असेल तर स्टँडवर विसरलेलं यंत्र बंद, तापलेल्या गाडीत तासन् तास चार्ज होत राहणार.

पायरी ४: गाडी लावताना

पहिला नियम: फोन खिशात, यंत्र पिशवीत. चष्मा आणि पाकीट जसं गाडीत सोडत नाही तसं. त्या लग्नातल्या माझ्या दीड तासाला याहून दुसरा उपाय नव्हता.

दुसरा, सावली. पण सावली चालते हे विसरू नका. दुपारी एकला कडुनिंबाच्या बुंध्याशी गाडी लावून पाचला परत येणार असाल, तर सावली तोवर पूर्वेकडे सरकलेली असते. गाडी झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला लावा. येताना सावली तुमच्याकडे आलेली असेल. सावली मिळालीच नाही तर दुपारनंतर गाडीचं नाक पूर्वेला करा, म्हणजे उतरतं ऊन मागच्या काचेवर पडेल, समोरच्या मोठ्या काचेवर नाही. सकाळी उलट.

नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, हेही पुरत नाही. २६ मेच्या सुमारास नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, भर मध्यान्ही सूर्य बरोब्बर डोक्यावर. भिंतीची सावली भिंतीच्या पायातच राहते आणि तिरप्या मोठ्या काचेतून ऊन सरळ डॅशबोर्डवर कोसळतं, गाडीचं तोंड कुठेही असो. त्या दिवसांत बाराच्या आसपास छत असलेलं पार्किंगच शोधा, नाहीतर काचेमागचा चंदेरी पडदा लावा.

त्या पडद्याची एक गोम सांगतो, दुकानदार सांगत नाही. चमकती बाजू बाहेर करायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण यंत्र किंवा डॅशकॅम (समोरच्या रस्त्याचं चित्रण करणारा छोटा कॅमेरा) काचेला चिकटवलेला असेल तर पडदा त्याच्या मागे लागतो आणि ते यंत्र काच नि पडदा यांच्या मधे सापडतं. काचेतून आलेलं ऊन आणि पडद्यावरून परतलेलं ऊन, दोन्ही त्याच्यावर. पडद्याने तुमचं स्टिअरिंग थंड राहतं आणि यंत्र भाजून निघतं. आधी यंत्र काढा, मग पडदा लावा.

काचांना काळी फिल्म लावायचा सल्ला कोणी देईलच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि तोही मुळातल्या काचेतून. त्यानंतर नियमांत बदल झाले, वाद झाले, पण चौकात पोलीस काका शिट्टी मारतात तेव्हा तो वाद घालायची हौस असेल तरच लावा. समोरच्या काचेवर तर नकोच.

यंत्र गाडीत ठेवावंच लागलं, समजा मंदिरात फोन नेऊ देत नाहीत, तर बंद करून, फडक्यात गुंडाळून सीटखाली जमिनीलगत ठेवा. वर ६९ आणि सीटवर ५१ हे आठवा, जमिनीजवळ त्याहून बरं. ग्लोव्ह बॉक्सही चालेल, निदान थेट ऊन लागत नाही. घरात डबा गरम ठेवायची जाड अस्तराची पिशवी असेल तर तिच्यात ठेवा, ती उलट कामही तितकंच करते. पण तिच्यात बर्फाची पिशवी टाकू नका, आत दव धरतं. आणि यात तासभर निभेल, अख्खी दुपार नाही.

पायरी ५: परत गाडीत बसताना

बसल्या बसल्या स्टँडवर फोन लावू नका. तापलेल्या स्टँडची पकड आणि चुंबकी स्टँडची लोखंडी पत्रीसुद्धा चटका देते. चारी दारं उघडा, मिनिटभर थांबा. ब्लोअर पूर्ण, काचा खाली, पाच-सात मिनिटं चालवा, मग काचा वर आणि एसी. तोवर फोन खिशात, आवाजाच्या सूचनांवर. जाळीतून येणारी हवा हाताला गार लागली की मग फोन जाळीवर. एसीच्या नळीत अडकलेली पहिली हवा भट्टीतली असते, ती फोनच्या पाठीवर सोडायची गरज नाही.

दुपारी नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. रस्ता सरळ, झाडांची सावली नाही, आणि गाडीचं तोंड पश्चिमेला. तीननंतर ऊन समोरच्या काचेतून तासन् तास आत येतं. त्या रस्त्यावर वळणं बघायला नकाशा लागतही नाही. उतरायचा इंटरचेंज लक्षात ठेवा, स्क्रीन विझवा, आवाज चालू ठेवा. जमत असेल तर पहाटे पाचला निघा. तेव्हा सूर्य पाठीशी असतो.

वाटेत फोन तापलाच तर

तापल्याची खूण आधी दिसते. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंगचं चिन्ह अडतं, नकाशा अडखळत सरकतो. तिथेच वायर काढा. आयफोन पुढच्या टप्प्यावर थंड व्हायची सूचना देऊन स्क्रीन विझवतो. आवाजाच्या सूचना चालू राहतात आणि वळण जवळ आलं की स्क्रीन तेवढ्यापुरती उजळते. तेव्हा घाबरून बटणं दाबत बसू नका. तरीही वाढलं तर रस्त्याच्या कडेला, सावली बघून थांबा, फोन बंद करा, कव्हर काढा आणि एसीच्या हवेत, पण जाळीला चिकटवून नाही, सीटवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

थंडगार पाण्याची बाटली फोनवर टेकवू नका. ढाब्यावरच्या फ्रीजमध्ये तर मुळीच नको. एकदम थंड झालेल्या फोनच्या आत दव धरतं, आणि ते पाणी पुसता येत नाही.

दोन फसवे प्रकार सांगतो. गाडीची किंवा यंत्राची एलसीडी स्क्रीन काळी पडली, मधेच शाईचे डाग आल्यासारखी दिसली, तर ती बहुधा मेलेली नसते. आतला द्रव-स्फटिक ठरावीक तापमानाच्या वर आपली रचना सोडतो आणि चित्र नाहीसं होतं, थंड झाल्यावर परत येतं. लगेच गॅरेज गाठू नका. आणि पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर तो आधी काढून बघा. त्या काचेतून काही स्क्रीन काही कोनांत काळ्याच दिसतात. एका मित्राने यासाठी फोन दोनदा रीस्टार्ट केला होता.

पाठ फुगली असेल, स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, फोन टेबलावर गरगर फिरत असेल, तर मात्र थांबा. चार्ज करू नका, दाबू नका, घरी उघडू नका. बॅटरी टोचली गेली तर पेटते. बंद करून सेवा केंद्रात द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

वेगळं यंत्र आणि डॅशकॅम

वेगळ्या नेव्हिगेशन यंत्राची आतली बॅटरी लहान असते, ते गाडीच्या विजेवरच चालतं. त्यामुळे पायरी ३ मधलं ‘वायर लावू नका’ त्याला लागू नाही. पण तापलेल्या गाडीत लावून लगेच चालू करू नका आणि उतरताना खाली काढा. फोनपेक्षा ते तगडं, पण विसरलंही जास्त जातं, कारण त्यावर कोणाचा फोन येत नाही.

डॅशकॅम रोज काढणं कोणाच्यानेच होत नाही. तो घेताना बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा वेगळ्या प्रकारचा भाग) असलेला मागा, उष्णता सोसायला तोच बरा. मागे बघायच्या आरशाच्या पाठीशी लावा, आणि उभ्या गाडीत रेकॉर्डिंग करायची सोय एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा.

मृग लागल्यावर

पहिला पाऊस पडला की एका सकाळी सगळी आवराआवर करा. फोन सपाट फरशीवर ठेवून फिरतो का बघा. सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता किती उरली ते बघा आणि मार्चमध्ये लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडा. लिहून ठेवला नसेल तर आता लिहा. उन्हाने कडक झालेली वायर वाकवून तपासा, टोकाशी भेग असेल तर टाकून द्या. काचेवरच्या स्टँडची रबरी वाटी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पुसू नका, तशीच वाळू द्या. माझी अजून चिकटते. फक्त एका कडेला, दारव्ह्याच्या दुपारची, नखाएवढी वितळल्याची खूण आहे.